उसावरची लोकर

२००२ सालच्या जुलै महिन्यात सांगली जिल्ह्यातील उसाच्या फडांत एक अपरिचित दृश्य दिसू लागले. पुरुषभर उंचीच्या उसाची पाने वरच्या अंगाने काजळी धरल्यासारखी काळवंडलेली, आणि तेच पान उलटून पाहावे तो त्याची खालची बाजू मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना पांढऱ्याशुभ्र कापसाने मढविलेली! फडात शिरून बाहेर येणाऱ्या माणसाच्या डोक्याला, खांद्यांना आणि अंगातल्या सदऱ्याला ही पांढरी लव चिकटून येई. प्रथमदर्शनी ती एखादी बुरशी वाटावी. परंतु बोटाने ती लव जराशी बाजूला सारली की तिच्याखाली फिकट हिरवट रंगाचे, मोहरीहून लहान असे असंख्य जीव दाटीवाटीने पानाला सोंड लावून बसलेले दिसत. कृष्णाकाठी पिढ्यान्‌पिढ्या शेती करणाऱ्या घराण्यांनाही हा प्राणी नवा होता. त्याच वर्षी तो शेजारच्या जिल्ह्यांत व कर्नाटकाच्या उत्तर भागात पोचला, आणि पुढल्या दोनतीन वर्षांत दक्षिण हिंदुस्थानातील ऊसशेतीची झोप त्याने पार उडवून दिली. शेतकऱ्यांनी त्याला लोकरी मावा असे नाव दिले, आणि ते इतके समर्पक आहे की शास्त्रज्ञांनाही त्याहून चांगले नाव सुचले नसते. वस्तुतः शास्त्रीय नावाचा अर्थही जवळजवळ तोच आहे. सेरॅटोव्हॅक्युना लॅनिजेरा या नावातील दुसऱ्या पदाचा अर्थ 'लोकर धारण करणारी' असा आहे, आणि पहिल्या पदात 'शिंग' या अर्थाचा ग्रीक शब्द दडलेला आहे. या शिंगांची कथा पुढे येईलच.

या किड्याचे शास्त्रीय वर्णन प्रथम झाले ते जावा बेटात. तेथील ऊस संशोधन केंद्रात काम करणाऱ्या झेंटनर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये ते प्रसिद्ध केले. पूर्व आशियातील ऊस पिकविणाऱ्या देशांना हा जुना शत्रू होता. हिंदुस्थानात बंगाल व ईशान्येकडील डोंगराळ प्रांतांत त्याची नोंद अगोदर झालेली होती; परंतु तेथे त्याने कधी मोठा उत्पात मांडला नव्हता. तो एकाएकी शेकडो कोस ओलांडून सांगलीस कसा अवतरला, याविषयी तर्क पुष्कळ झाले. एक मार्ग मात्र निश्चित लक्षात ठेवण्यासारखा आहे. ऊस तोडल्यावर शेंड्याकडील हिरवी पाने, ज्यांना आपल्याकडे वाढे म्हणतात, ती जनावरांच्या वैरणीसाठी मोळ्या बांधून गाडीतून, ट्रॅक्टरमधून गावोगाव जातात. मावा पानाच्या पाठीशी बसून त्याच मोळीतून विनासायास प्रवास करतो. शिवाय त्याच्या काही पिढ्यांना पंख फुटतात, आणि मग वारा त्यास कोठेही नेतो.

शहरात राहणाऱ्या वाचकास उसाच्या पानावरील या घडामोडीचे काय सोयरसुतक, असे वाटणे शक्य आहे. परंतु सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांची घडण ज्यांस ठाऊक आहे त्यांना तसे वाटणार नाही. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा वाईवरून खाली उतरते, कऱ्हाडास तिला कोयना मिळते, सांगलीजवळ हरिपुरास वारणा मिळते. आणि या तिन्ही नद्यांच्या काठी जी काळी कसदार जमीन आहे तिच्यावर ऊस उभा आहे. सहकारी साखर कारखाने, त्यांच्याभोवती वाढलेल्या शाळा व महाविद्यालये, पतपेढ्या, ऊस तोडण्यासाठी दरसाल मराठवाड्यातून येणाऱ्या टोळ्या, दुकानदारांची उधारी, मुलींची लग्ने, हा सारा संसार त्या पिकाच्या उताऱ्यावर चालतो. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात उभा राहतो. दीड वर्षाची मेहनत, पाणी आणि कर्ज ज्यावर लागले आहे असे पीक डोळ्यांदेखत काळे पडू लागले म्हणजे माणसाच्या मनाची जी अवस्था होते ती समजून घेतल्यावाचून पुढील हकीगतीचा अर्थ लागणार नाही.

मावा उसाला मारतो तरी कसा? तो पान कुरतडत नाही. त्याची सोंड सुईसारखी असते. ती तो पानाच्या खालच्या बाजूने आत खुपसतो आणि पानात तयार झालेली साखर ज्या नलिकांतून खोडाकडे वाहत जाते त्या नलिकेला छेद देऊन आयता रस पितो. या रसात साखर विपुल आणि शरीर वाढविणारी द्रव्ये थोडी. म्हणून त्यास पुष्कळ रस प्यावा लागतो आणि नको असलेली साखर मागील बाजूने थेंबाथेंबाने टाकून द्यावी लागते. हा चिकटा खालच्या पानांवर पडतो. पान चकचकीत दिसू लागते, आणि थोड्याच दिवसांत त्या गोडाव्यावर काळी बुरशी वाढते. ही बुरशी पानात शिरत नाही. ती केवळ पानावर पसरते. परंतु पान म्हणजे वनस्पतीचे स्वयंपाकघर, आणि त्याची चूल सूर्यप्रकाशावर पेटते. खिडकीवर काजळाचा पडदा पडला म्हणजे चूल विझते. अशा रीतीने उसाचा तोटा दुहेरी होतो: वरच्या पानातली साखर चोरीस जाते आणि खालच्या पानातली तयारच होत नाही. ऊस वजनात भरत नाही, साखरेचा उतारा घसरतो, आणि रसाचा कस गेल्यामुळे गुऱ्हाळवाल्यांचीही पंचाईत होते.

त्याची वाढ पाहिली म्हणजे तर थक्क व्हावे लागते. उसावरील माव्यात नराचे काम पडत नाही. प्रत्येक जीव मादी, आणि ती अंडी न घालता जिवंत पिल्लेच प्रसवते; हे पिल्लूही मादीच. चार वेळा कात टाकली की तीही आई होण्यास सिद्ध. एका मादीस वीसच मुली झाल्या आणि त्या सर्व जगल्या असे धरले, तर तिच्या नाती चारशे, पणती आठ हजार आणि त्यापुढील पिढी एक लक्ष साठ हजार. हा केवळ कागदावरचा हिशेब होय. निसर्गात सर्व कधीच जगत नाहीत. परंतु ढगाळ, दमट हवा असली आणि खाणारा कोणी नसला तर हा कागदी हिशेब बराचसा खरा होऊ लागतो. पावसाळ्यातील आणि त्यानंतरच्या महिन्यांतील सांगली-साताऱ्याची हवा त्याला नेमकी मानवली. अंगावरील मेणाची लोकर पावसाच्या थेंबांपासून त्याचे रक्षण करते. औषधाचे पाणीही तिच्यावरून ओघळून जाते.

आता शिंगे. १९७७ मध्ये शिगेयुकी आओकी या जपानी शास्त्रज्ञाने माव्याच्या एका जातीत चक्क सैनिक असल्याचे दाखवून दिले आणि कीटकशास्त्रज्ञांत मोठी खळबळ उडाली. कारण मुंग्या, मधमाश्या व वाळवी यांच्याखेरीज असली व्यवस्था कोणाच्या ध्यानीमनी नव्हती. उसावरील लोकरी माव्याच्या कपाळावर दोन बारीक टोकदार शिंगे असतात. एखादा भक्षक कीटक कळपात शिरला की नुकतीच जन्मलेली पिल्ले त्याच्या अंगावर चढून ही शिंगे त्याच्या कातडीत खुपसतात. पाठीवरील दोन छिद्रांतून ती एक द्रव सोडतात. त्याचा वास येताच जवळची पिल्ले चवताळून उठतात आणि मोठी मात्र पळ काढतात. मनुष्यांच्या राज्यांत म्हातारे सल्ला देतात आणि तरुण लढतात; येथे तर दोनचार दिवसांच्या तान्ह्या मुलांना लढाईवर धाडण्यात येते. असो.

हे सारे ज्ञान पुस्तकांत होते. परंतु सांगलीच्या शेतकऱ्यासमोर प्रश्न आज रात्रीचा होता. त्याने जे हाती लागले ते औषध आणून फवारले. त्यास दोष देता येत नाही. परंतु आठ-दहा महिन्यांच्या उसाच्या फडात ज्यांनी एकदा पाऊल घातले असेल त्यांस या कामाची अडचण वर्णून सांगावयास नको. पाने एकमेकांत गुंतलेली, त्यांच्या कडा करवतीसारख्या, माणसाच्या डोक्यावरून शेंडे गेलेले. पाठीवर पंप घेऊन पानाच्या खालच्या अंगाला औषध लावीत सरीतून पुढे सरकावयाचे म्हणजे औषधाचा निम्मा फवारा फवारणाऱ्याच्याच तोंडावर येणार. एक फड धुऊन काढला तरी शेजारच्या फडातून पंखधारी मावा पंधरवड्यात पुनः हजर. सुरुवातीस, जेव्हा मावा शेतात एखाद्या ठिपक्यापुरता असतो, तेव्हा त्या ठिपक्यावर औषध मारण्यास किंवा ती पाने काढून नष्ट करण्यास अर्थ आहे. परंतु सबंध तालुका फवारून काढणे ही गोष्ट निराळी.

याच वेळी निरनिराळ्या संशोधनसंस्थांतील प्राणिशास्त्राचे व कीटकशास्त्राचे अभ्यासक फडात उतरून पाने उलटू लागले. या प्रदेशाचे भाग्य असे की उसाच्या अभ्यासाची परंपरा येथे जुनी आहे. सातारा जिल्ह्यात, फलटण तालुक्यातील पाडेगाव येथे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून चालू आहे आणि आज ते राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा भाग आहे. पुण्याजवळ मांजरीस वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे; सीमेपलीकडे धारवाडचे कृषी विद्यापीठ आहे; सातारा, सांगली व कोल्हापूर या तीन जिल्ह्यांचे म्हणून १९६२ मध्ये स्थापन झालेले शिवाजी विद्यापीठ आहे, आणि बंगळूरूस त्या काळी जैविक कीडनियंत्रणाचे केंद्रीय संचालनालय होते, ज्याचे रूपांतर पुढे राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोत झाले. या मंडळींनी विचारलेला प्रश्न शेतकऱ्याच्या प्रश्नाहून वेगळा होता. 'हा मरेल कशाने?' असे न विचारता 'हा ईशान्येस इतकी वर्षे का माजला नाही?' असे त्यांनी विचारले.

या प्रश्नामागे शंभर वर्षांहून अधिक काळाचा अनुभव उभा होता. १८८८ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील संत्र्या-लिंबांच्या बागा एका पांढऱ्या, कापसासारख्या खवलेकिडीने नामशेष होऊ घातल्या होत्या. ही कीड ऑस्ट्रेलियातून आलेली. तेव्हा केबेले नावाचा एक कीटकतज्ज्ञ ऑस्ट्रेलियास गेला, तेथे त्या किडीस खाणारा एक चिमुकला लाल-काळा भुंगेरा त्याला आढळला, आणि शेकड्यांनी मोजता येतील इतके थोडे भुंगेरे आगबोटीने कॅलिफोर्नियास पोचले. दोन वर्षांच्या आत बागा वाचल्या. आपल्याकडील उदाहरण याहून घरगुती आहे. एके काळी दक्षिणेतील माळ आणि गावकुसे फड्या निवडुंगाने गिळून टाकली होती. १९२६ पासून दक्षिण हिंदुस्थानात कोचिनील जातीचा एक कीटक त्याच्यावर सोडण्यात आला आणि मैलच्या मैल पसरलेली ती काटेरी रानटी झाडी वाळून मोकळी झाली. या दोन्ही ठिकाणी परदेशातून आलेला उपद्रवी जीव आपले भक्षक मायदेशी ठेवून आला होता. सांगलीच्या माव्याचेही तसेच झाले असावे काय?

उत्तर पानाच्या पाठीवरच सापडले, आणि ते आनंददायक होते. भक्षक काही थोडे येथेही होते, आणि माव्याच्या मागोमाग त्यांची संख्या वाढू लागली होती. त्यांतील पहिला म्हणजे डिफा अ‍ॅफिडिव्होरा. शेतकऱ्यांच्या तोंडी तो त्याच्या जुन्या शास्त्रीय नावाने, म्हणजे 'कोनोबाथ्रा' म्हणून रुळला. हा एक करड्या रंगाचा क्षुल्लक दिसणारा पतंग. सामान्यतः पतंगाच्या अळ्या पाला खातात. परंतु याची अळी मांसाहारी आहे आणि मावा हेच तिचे अन्न. 'अ‍ॅफिडिव्होरा' म्हणजे मावा खाणारा. हे नाव ज्यांनी दिले त्या एडवर्ड मेरिक यांच्याविषयी एक वाक्य लिहिल्यावाचून राहवत नाही: इंग्लंडातील मार्लबरो येथील शाळेत ते शिक्षक होते, आणि शाळा सांभाळून उरलेल्या वेळात त्यांनी जगभरच्या पतंगांच्या हजारो जातींची वर्णने लिहिली. कोणा शिक्षकाच्या फावल्या वेळेचा उपयोग त्याच्या मृत्यूनंतर सहा दशकांनी कृष्णाकाठच्या शेतकऱ्यास होईल हे कोणी सांगितले असते?

डिफाची अळी शिंगे रोखून बसलेल्या त्या सैन्यात उघड्याने शिरत नाही. ती आपल्याभोवती रेशमी धाग्यांची सैलशी जाळी विणते, माव्याची सोललेली लोकर आणि सालपटे तिच्यात गुंतवते, आणि त्या छताखाली सुरक्षित राहून एकेक मावा आत ओढून फस्त करते. आपल्या आयुष्यात ती शेकड्यांच्या हिशेबाने मावा खाते. शेवटी त्याच पानावर जाळीतच तिचा कोश होतो. दुसरा मदतनीस मायक्रोमस. हा जाळीदार तपकिरी पंखांचा नाजूक कीटक असून त्याची अळी आणि प्रौढ कीटक दोघेही मावा खातात. तिसऱ्या सिरफिड जातीच्या माश्या. या स्वतः फुलांवरील मध व पराग खातात, परंतु माव्याच्या घोळक्यात अंडी घालतात आणि त्यांच्या आंधळ्या, पाय नसलेल्या अळ्या चाचपडत पुढे सरकून भक्ष्य टिपतात. याशिवाय एन्कार्शिया नावाची, डोळ्यांस जेमतेम दिसणारी गांधीलमाशीच्या कुळातील एक माशी पुढल्या वर्षांत ईशान्य हिंदुस्थानातून मुद्दाम आणून दक्षिणेत सोडण्यात आली. ती माव्याच्या शरीरातच अंडे घालते आणि तिची अळी आतून त्याला पोखरून काढते. दयामाया बाळगणाऱ्यांनी हा भाग सोडून द्यावा.

आता या विषयाचे जे मर्म आहे ते समजण्यासाठी उसाचा फड थोडा वेळ सोडून समुद्रावर जावे लागेल. पहिल्या महायुद्धानंतर उम्बेर्तो दान्कोना हा इटालियन प्राणिशास्त्रज्ञ एड्रिआटिक समुद्रावरील बंदरांतल्या मासळीबाजारांच्या नोंदवह्या तपासत होता. त्यास एक चमत्कारिक गोष्ट दिसली. फ्यूमे बंदरात येणाऱ्या मासळीत शार्क, रे अशा शिकारी माशांचे प्रमाण १९१४ मध्ये शेकडा १२ च्या आसपास होते. ते वाढत वाढत १९१८ मध्ये शेकडा ३६ वर गेले आणि १९२३ पर्यंत पुनः शेकडा ११ च्या आत आले. युद्धामुळे मासेमारी कमी झाली होती, हे उघड होते. परंतु मासेमारी कमी झाल्याचा लाभ लहान माशांना न होता त्यांना खाणाऱ्या शिकाऱ्यांना का व्हावा? दान्कोनाने हे कोडे आपले सासरे व्हीतो व्होल्तेरा यांच्यापुढे मांडले. ते नामांकित गणिती. १९२६ मध्ये त्यांनी त्याचे उत्तर दिले, आणि अमेरिकेत लोट्का या शास्त्रज्ञानेही स्वतंत्रपणे तीच समीकरणे मांडली होती.

गणिताची चिन्हे बाजूस ठेवून सांगावयाचे तर तो विचार असा. भक्ष्य आपल्या बळावर वाढते. भक्षक मात्र भक्ष्याच्या बळावर वाढतो. म्हणून भक्ष्याची संख्या आधी चढते, भक्षकाची मागाहून. मग भक्षक भक्ष्यास खाली खेचतो आणि उपासमारीने स्वतःही खाली येतो. हा झोपाळा चालूच राहतो. यात तिसऱ्याच कोणी येऊन दोघांनाही सारख्याच प्रमाणात मारण्यास आरंभ केला तर काय होईल? भक्षकावर दोन आघात होतात: तो मारलाही जातो आणि त्याचे अन्नही घटते. भक्ष्यास मात्र एक तोटा झाला तरी शत्रू कमी झाल्याचा नफा पदरात पडतो. म्हणून अशा सरसकट मारण्याने सरासरीने भक्ष्याची संख्या वाढते आणि भक्षकाची घटते. एड्रिआटिकमध्ये कोळ्यांची जाळी थांबली तेव्हा शिकारी मासे वाढले, ते याच कारणाने.

जाळ्याच्या जागी फवाऱ्याचा पंप ठेवावा, लहान माशाच्या जागी मावा आणि शार्कच्या जागी डिफाची अळी, म्हणजे सांगलीच्या फडातील स्थिती डोळ्यांसमोर उभी राहते. फवारणीनंतर जे चारदोन मावे लोकरीच्या आडोशाने वाचतात त्यांना नर शोधावा लागत नाही; दुसऱ्या दिवसापासून त्यांची प्रजा सुरू. वाचलेल्या पतंगास मात्र जोडीदार शोधावयाचा, अंडी घालावयाची, अळी वाढेपर्यंत थांबावयाचे, आणि तोपर्यंत अन्न शिल्लक असेल तर जगावयाचे. कॅलिफोर्नियातील बागांचा पुढील इतिहास हेच सांगतो. ज्या खवलेकिडीचा प्रश्न अर्धशतकापूर्वी मिटला होता ती १९४० नंतरच्या दशकात डी.डी.टी.ची फवारणी सुरू होताच काही भागांत पुनः उफाळून आली. कारण त्या औषधाने लाल भुंगेरे मेले. शेत काही गणिताच्या समीकरणाइतके सरळ नसते. पाऊस, ऊन, शेजारचे पीक या सर्वांचा परिणाम होतो, आणि प्रखर उन्हाळ्यात मावा आपोआपही कमी होतो. तरीसुद्धा 'थोडे थांबा, पान उलटून पाहा, मित्रकीटक असतील तर पंप घरी ठेवा' हा जो सल्ला अभ्यासकांनी दिला त्यास असा भक्कम आधार होता. हा सल्ला देणे सोपे आणि पाळणे कठीण. कर्जाचा हप्ता ज्याच्या डोक्यावर आहे त्यास झोपाळा परत खाली येईपर्यंत वाट पाहावयास सांगणे हे धैर्याचेच काम होय.

पाण्याचा प्रश्न या ठिकाणी वेगळा काढता येत नाही. फडातून निघालेले पाणी सरीतून चरात, चरातून ओढ्यात आणि ओढ्यातून कृष्णेत जाते. मावा मारण्यासाठी वापरण्यात येणारी बहुतेक औषधे मज्जातंतूंवर आघात करणारी. एका तंतूचा निरोप दुसऱ्यास पोचविल्यावर तो निरोप पुसून टाकणारे जे द्रव्य शरीरात असते तेच यांतील कित्येक औषधे निकामी करतात. मग निरोप थांबतच नाही, स्नायू आखडत राहतात आणि प्राणी मरतो. ही यंत्रणा माव्यात आहे, डिफात आहे, पाण्यातल्या चतुराच्या पिल्लात आहे, माशात आहे आणि पंप पाठीवर घेतलेल्या माणसातही आहे. एंडोसल्फान हे एके काळचे लोकप्रिय औषध माशांना इतके घातक होते की अत्यल्प प्रमाणातही ते त्यांचा नाश करी. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभर त्यावर बंदी घातली.

चतुरांचा उल्लेख केवळ उदाहरणादाखल नाही. चतुर आणि त्याची सडपातळ चुलत भावंडे, टाचण्या, यांचे बालपण सर्वस्वी पाण्यात जाते, आणि त्या काळात ती डासांच्या अळ्या व इतर लहान जलचर यांवर जगतात. सातारा शहराच्या नैर्ऋत्येस ठोसेघरचा प्रसिद्ध धबधबा आहे. तेथील परिसरात सापडलेल्या टाचणीच्या एका जातीचे वर्णन २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तिला युफिया ठोसेघरेन्सिस असे त्या गावाचेच नाव देण्यात आले. सहल म्हणून सहस्रावधी लोक जेथे जाऊन येतात त्या ठिकाणी शास्त्रास अज्ञात असा जीव एकविसाव्या शतकापर्यंत उडत होता, ही गोष्ट सह्याद्रीच्या अभ्यासास अजून किती वाव आहे हे दर्शविते. या कुळातील पिल्लांच्या पोटाच्या दोन्ही बाजूंस कल्ल्यांची रांग असते आणि ती वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या स्वच्छ झऱ्यांतच दगडांना धरून राहतात. ऊस त्या उंचीवर नाही, म्हणून तेथील पाणी अद्याप औषधमुक्त. तेच पाणी खाली खोऱ्यात उतरले म्हणजे त्यातील जीवसृष्टी बदलत जाते, आणि कोणत्या टप्प्यावर कोणते कीटक नाहीसे झाले हे पाहून पाण्याची प्रकृती ओळखता येते. वैद्याने नाडी पाहावी तसे पाण्याचे अभ्यासक दगड उलटून पाहतात. फडातील अभ्यासक पान उलटतो, ओढ्यातील अभ्यासक दगड, विद्या एकच.

लोकरी माव्याचे पुढे काय झाले? २००५-०६ पर्यंत त्याचा जोर पुष्कळच ओसरला. डिफा आणि मायक्रोमस यांनी फडामागून फड साफ केले, एन्कार्शियाने अनेक ठिकाणी ठाण मांडले, आणि जे पीक हातचे गेले असे वाटत होते ते पुढील हंगामांत कारखान्याकडे जाऊ लागले. मावा नाहीसा झाला असे मात्र नव्हे. अजूनही ढगाळ हवेच्या दिवसांत कोठे कोठे पांढरे ठिपके दिसतात. परंतु त्यांच्यात शोधले तर रेशमी जाळीही बहुधा सापडते.

या कामात संशोधकांना सर्वांत अधिक सतावले ते एका निराळ्याच अडचणीने. पुष्कळ मित्रकीटक प्रयोगशाळेत बनावट अन्नावर किंवा दुसऱ्या एखाद्या पतंगाच्या अंड्यांवर वाढविता येतात. डिफाच्या अळीस मात्र हवा जिवंत मावा, आणि माव्यास हवा जिवंत ऊस. तेव्हा शेडनेटच्या जाळीखाली ऊस लावावयाचा, त्यावर मुद्दाम मावा सोडून तो चांगला माजू द्यावयाचा, आणि नंतर त्यात डिफा सोडावयाचा, अशी पद्धत बसविण्यात आली. ज्या किड्याच्या नावाने सारा जिल्हा बोटे मोडीत होता त्याचीच अशी निगराणीने जोपासना होऊ लागली. मावा संपला तर डिफाही संपणार. शेतात सोडण्यासाठी हेक्टरी सुमारे हजार अळ्या किंवा कोश अशी शिफारस झाली. कोश पानालाच चिकटलेले असल्याने पानाचे तेवढे तुकडे कात्रीने कापून घ्यावयाचे आणि मावा पडलेल्या उसाच्या पानांना टाचणीने टोचून यावयाचे. ऊस तुटून गेल्यावर पाचट पेटवून न देण्याचा आग्रह धरण्यात आला तोही याचसाठी, कारण वाळलेल्या पानांवर पुढील वर्षाचे पतंग कोशांत निजलेले असतात.